रोपडला पायऱ्या नाहीत

"मैडम जी, छेती, जल्दी बाहर आओ!"

आमच्या बसचा ड्रायव्हर गुरमेल सिंग डायनिंग हॉलच्या दारात उभा होता. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. सहा फुटी माणूस, वीस वर्षं ट्रक चालवलेला. त्याला धापा टाकताना मी पहिल्यांदाच पाहत होते. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माझे चौतीस पॅक्स पोह्यांवर शेव पसरत होते. पॅक्स म्हणजे प्रवासी. आमच्या धंद्यात माणसांना माणसं म्हणत नाहीत, मोजायला सोपं पडतं.

"बस में कुछ पड़ा है जी. पहली सीट पे. कपड़े में लपेटा हुआ, ऊपर एरियल निकला है."

एरियल म्हणजे ट्रान्झिस्टर. मी हातातला चहा होता तिथेच ठेवला.

आज कुणाला यात घाबरण्यासारखं काही वाटणार नाही. पण पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं होती. ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवायचे प्रकार झाल्यापासून बेवारस रेडिओच्या जवळ कुणी फिरकत नसे. बसस्टँडवर दिवसभर लाउडस्पीकर बजावायचा, 'लावारिस वस्तू को हाथ न लगाएँ.' माझी मुलगी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी. माझी पर्स सोफ्यावर दिसली की ती ओरडायची, "मम्मी, लावारिस वस्तू!"

मी मूळची सांगलीची. नवरा एअरफोर्समध्ये, पोस्टिंग चंदीगडला. पुण्याच्या एका टूर कंपनीला इकडे मराठी आणि पंजाबी दोन्ही समजणारं माणूस हवं होतं, म्हणून मी लोकल टूर मॅनेजर झाले. दिल्लीहून ग्रुप आला की पुढचे चार दिवस माझ्या गळ्यात. टूरचं नाव 'प्राचीन भारत'. पंधरा दिवस नुसते स्तूप, उत्खननं आणि संग्रहालयं. आदल्या दिवशी कुरुक्षेत्र झालं होतं. त्या दिवशी रोपड होतं. तासाभराच्या अंतरावर, सतलजच्या काठी, हडप्पाच्या काळातलं टेकाड, इकडच्या बोलीत टिब्बा. कंपनी पुढच्या कार्यक्रमातून पंजाब गाळणार होती, त्यामुळे रोपडला जाणारा हा शेवटचाच ग्रुप. पंजाबात शिरायचं तर आदल्या दिवशी ठाण्यात बसचा नंबर आणि यादी देऊन यायची, सातला निघायचं आणि बाराच्या आत चंदीगड गाठायचं, हा माझा नियम होता.

दहा मिनिटांत सेक्टर बावीसमधली आमच्या हॉटेलची गल्ली दोन्ही बाजूंनी बंद झाली. समोरच्या हलवायाने कढईखालचा गॅस बंद केला आणि तो गच्चीवर गेला, नीट दिसावं म्हणून. पोलीस इन्स्पेक्टर आले, उंच आणि कमी बोलणारे. पॅक्सना मागच्या व्हरांड्यात बसवलं. तिथे बातमी पोहोचली ती एवढीच की बसमध्ये बॉम्ब आहे. कुणी रामरक्षा सुरू केली, कुणी राहिलेले पोहे संपवले.

तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला. "अहो, आत माझा ट्रान्झिस्टर आहे! तो तेवढा आधी काढून आणायला सांगा!"

हे मुळीक सर. फलटणकडच्या शाळेतले इतिहासाचे निवृत्त शिक्षक. बारीक अंगाचे, कडक इस्त्रीचे, आणि वर्गाला विचारावं तसे सगळ्यांना प्रश्न विचारणारे.

मी विचारलं, "सर, ट्रान्झिस्टर कुठे ठेवलाय?"

"पहिल्या सीटवर. उपरण्यात गुंडाळून."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जागा धरायला! सहाला क्लीनरने बस उघडली, तेव्हाच ठेवून आलो. काल खिडकी गेली माझी."

मी कपाळावर हात मारला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, वेळ पडली तर पोरगं आत टाकायचं, पण जागा धरायची, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. रुमाल कुणीतरी उचलून फेकतं म्हणून सरांनी वजनदार वस्तू निवडली होती. अख्ख्या चंदीगडमध्ये त्या काळात सीटवर ठेवू नये अशी एकच वस्तू होती, आणि ती त्यांनी शोधून काढली.

मी धावत इन्स्पेक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मैडम, हो सकता है उन्हीं का हो. और हो सकता है किसी ने देखकर वैसा ही दूसरा रख दिया हो. आप गारंटी लेती हैं?"

गारंटी कोण घेणार? सर पुढे सरसावले. "मेरा है! मैं जाके लाता हूँ!" दोन शिपायांनी त्यांना अलगद उचलून परत व्हरांड्यात आणून ठेवलं.

बॉम्ब निकामी करणारी माणसं यायला सव्वा तास लागला. मधल्या वेळात मी पुण्याला फोन लावला. मालक म्हणाले, "मोहितेबाई, रोपड रद्द. लोकांना पिंजोरची बाग दाखवा. कारंजी आहेत, फोटो छान येतात."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मी व्हरांड्यात जाऊन पिंजोर जाहीर केलं. टाळ्या पडल्या. 'टेकाडात काय बघायचं?' असं बऱ्याच जणांना दिल्लीपासूनच वाटत होतं.

मुळीक सर मात्र मला जिन्यापाशी घेऊन गेले. आवाज एकदम खाली आला होता.

"मोहितेबाई, माझ्यामुळे झालं, कबूल. पण रोपड गाळू नका. मी नवा मास्तर होतो, तेव्हा तिथलं उत्खनन पेपरात आलं होतं. वर्गात एका पोराने विचारलं, सर, तुम्ही पाहिलंय का? पंचवीस वर्षांचा होतो. म्हणालो, पाहिलंय."

"मग?"

"मग काय, दर वर्षी कुणीतरी विचारायचं. मी सांगत गेलो. विटांच्या पायऱ्या सांगितल्या, धान्याचं कोठार सांगितलं. पोरांनी वह्यांत चित्रं काढली. तेहतीस बॅचेस, बाई. एवढं एक खोटं माझ्या नावावर आहे. पुढच्या वर्षी तुमची टूर येणार नाही, आणि एकटा मी इथवर येऊ शकत नाही."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला चष्मा पुसायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. रागही आला, कारण आता निर्णय माझ्यावर येऊन पडला होता.

तोवर बाहेर आकडा लावलेली लांब दोरी बसच्या दारातून आत गेली. ओढली. ट्रान्झिस्टर पायरीवरून रस्त्यावर आपटला, पाठीमागचं झाकण उडालं आणि चार सेल गडगडत निघाले. गल्लीतली सगळी माणसं आडवी झाली. एक सेल हलवायाच्या पायरीला लागून थांबला. बाकी काही झालं नाही.

इन्स्पेक्टर उठले, गुडघे झटकले आणि मला म्हणाले, "जाना कहाँ था आपको?"

मी मालकांचं नाव न काढता सांगितलं, "रोपड. टिब्बा देखना है. रास्ता ठीक है?"

"दिन में ठीक है." त्यांनी मागे वळून विचारलं, "ओए, रोपड़ का कौन है?"

एक पोट सुटलेले हवालदार पुढे आले, बलदेव सिंग. आजपासूनच रजेवर घरी निघाले होते. इन्स्पेक्टरांनी फर्मावलं, "इनको साथ बिठा लो. नाकों पर ये बात कर लेगा. और एक बजे मुझे बस यहाँ चाहिए."

मी व्हरांड्यात जाऊन खरं ते सांगितलं. ज्यांना नको असेल त्यांनी हॉटेलवर थांबावं, दुपारी पिंजोर नक्की. अकरा जण थांबले. नऊला बस सुटली. बलदेव सिंग आपली ट्रंक घेऊन पहिल्या सीटवर, खिडकीत बसले. सरांना चाकावरची सीट मिळाली.

वाटेत तीन नाके लागले. प्रत्येक नाक्यावर बलदेव सिंग खिडकीतून डोकं काढून "मास्टर लोग ने, टिब्बा वेखण चल्ले ने" एवढंच म्हणायचे, म्हणजे मास्तर मंडळी आहेत, टेकाड बघायला निघालीत. समोरचा शिपाई एकदा बसकडे, एकदा त्यांच्याकडे बघायचा आणि आडवा बांबू वर करायचा.

रोपडला पोहोचलो. गावातच एक मातीचं टेकाड. खाली घरं, वर झुडपं आणि दोन बकऱ्या. सरकारी पाटी गंजलेली. आमच्यातल्या एका बाईंनी खिडकीतूनच विचारलं, "हेच?" खाली उतरले ते मोजून सात जण.

सर भराभर वर चढले. वर जाऊन त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. मग कडेकडेने पूर्ण फेरी मारली. मी त्यांच्या मागे होते.

"बाई, पायऱ्या नाहीत."

"हो, सर."

"कोठारही नाही."

बलदेव सिंग धापा टाकत वर आले. "मास्टर जी, बचपन में यहाँ बकरियाँ चराते थे हम. है क्या इसमें? इतनी दूर से आए हो आप!"

सरांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. तिथे सात पॅक्स, एक हवालदार आणि मी. पायऱ्या खाली पुरल्या गेल्यात म्हणाले असते तर कुणी उलट विचारलं नसतं.

"दिखता कुछ नहीं, हवलदार साहब," ते म्हणाले. "खोदा, नापा, और फिर मिट्टी डाल दी. चार हज़ार साल पहले इधर लोग रहते थे. एक कब्र में आदमी के साथ उसका कुत्ता भी गाड़ा हुआ मिला."

"कुत्ता?" बलदेव सिंग खाली बसले. "साथ में?"

मग सरांनी शिकवलं. मोडक्या हिंदीत, हातवारे करत, जेवढं ठाऊक होतं तेवढंच. बलदेव सिंग मधूनमधून पायाखालच्या मातीवर हात फिरवत होते. ग्रुप गोळा करायची माझी शिट्टी गळ्यात होती आणि निघायची वेळ होऊन गेली होती. मी ती वाजवली नाही. एकची वेळ दीडवर गेली, इन्स्पेक्टरांची बोलणी खाल्ली, मालकांची त्याहून जास्त खाल्ली.

दोन महिन्यांनी सरांचं कार्ड आलं. जुन्या शाळेत जाऊन प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या मुलांना सांगितलं होतं की मी रोपड पाहिलं नव्हतं, आता पाहिलं, तिथे पायऱ्या नाहीत. 'मुलं हसली. हेडमास्तर हसले नाहीत. जुन्या मुलांना पत्रं टाकतो आहे, एकोणीस झाली. पत्ते मिळत नाहीत.'

कंपनीने ठरल्याप्रमाणे पुढच्या वर्षी रोपड गाळलं. कारण दिलं, तिथे पाहण्यासारखं काही नाही. ते खरंच आहे. पण त्यानंतर नव्या टूर मॅनेजरला मी पहिल्याच दिवशी सांगू लागले, प्रत्येक कार्यक्रमात एक ठिकाण असं असतं जिथे कुणी बसमधून उतरत नाही आणि एकच पॅक्स फक्त त्याच्यासाठी आलेला असतो. तो कोण, ते शोधून काढ आणि मग काय रद्द करायचं ते ठरव.