वाटेवरच्याचा लाडू

मी दवाखान्याच्या खाली चहा घेत होतो. नर्स जिना उतरून आली अन् म्हणाली, "दादाजी, अम्मा नहीं रहीं." हातात अर्धा कप होता, तो मी पिऊन टाकला. वाचणाऱ्याला हे बरं वाटणार नाही, पण तसंच झालं. अशा वेळी काय करायचं असतं ते मले कोणी सांगितलं नव्हतं... अम्मा म्हणजे माझी बायको सुमन. ती असती तर म्हणाली असती, "चला, बातमी तरी आली." तिच्या माहेरी बातमी येण्याला फार किंमत होती.

त्याचं असं. तिच्या माहेरचे फार पिढ्यांमागचे दोघं भाऊ. एक भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे रायपूरला आला, दुसरा पानिपतावर गेला. तो मेला असं कोणी येऊन सांगितलं नाही, अन् तोही आला नाही. म्हणून त्या घरच्या बाया दर संक्रांतीला तिळाचा एक लाडू त्याच्या नावानं वाटीत काढून ठेवायच्या. वाटेवरच्याचा लाडू. दिवेलागणीपर्यंत तो आला नाही, की दारासमोरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला द्यायचा. लग्न होऊन सुमन आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी आली ती हा लाडू घेऊनच. कधी रिक्षावाल्याला मिळाला, कधी सिलिंडरवाल्याला. मी दरवर्षी म्हणायचो, "सुमन, त्याले आता दात राहिले नसतील." ती म्हणायची, "तुमाले तरी कुठं आहेत जी? खाताच ना."

यंदाच्या थंडीत इथल्या संग्रहालयात पानिपतच्या हत्यारांचं प्रदर्शन लागलं. तिला जायचं होतं, मला नव्हतं. मी उरला गावच्या पोलाद मिलमध्ये लोखंड तापवण्यात जन्म घालवला. पुन्हा लोखंड पाहायला कोण जाते? पण गेलो. तलवारी, ढाली, भाले... मी म्हणालो, "भंगारवाला किलोवर घेईल." ती पुढच्या काचेकडे निघाली. शेवटच्या काचेत एक चिलखत होतं, लोखंडी कड्यांचं, लाकडी खांबावर चढवलेलं. त्याला तोंड नव्हतं. डाव्या काखेखाली कड्या तुटून भोक पडलेलं. सुमननं आपला हात आपल्याच बरगडीवर तिथंच ठेवला. "इथं लागलं याले," म्हणाली, अन् काचेला हात लावायला गेली.

"काँच ला झन छुवव दाई," तिथला पहारेकरी छत्तीसगढीत ओरडला.

"अरे भैया, तेरा बख्तर खा नहीं जाऊँगी. नाम क्या था इसका?"

"नाम तो नहीं लिखा है दाई."

"नहीं लिखा ना? तो फिर हमारा ही है."

मी म्हणालो, "अवं, तिथं हजारो मेले. साऱ्यांले लाडू घालशील काय?"

"हव, घालीन. तुमचं काय जाते?"

तो पोरगेला पहारेकरी हसला. रिक्षानं घरी आलो. मग दारात चप्पल काढताना एकदम म्हणाली, "एवढ्या पिढ्यांनी सापडला बाई."

संक्रांतीला सकाळपासून तिच्या अंगात ताप होता. तरी उठून पाक केला, लाडू वळले. संध्याकाळी मी वाटी घेऊन दाराकडे निघालो, तर तिनं अडवलं. "यंदा नाही द्यायचा कोणाले. यंदा त्याचा पत्ता माहीत आहे, तिथंच नेऊ." मी म्हटलं, ताप उतरू दे, मग जाऊ. ताप छातीत उतरला... दवाखान्यात नाकातोंडावर ती नळीवाली टोपी लावलेली. ती बाजूला करून तिनं विचारलं, "वाटी झाकली ना जी?" मी म्हणालो, झाकली. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

तेरवी झाल्यावर मी लाडू पिशवीत घालून एकटाच गेलो. दालन रिकामं होतं. पहारेकऱ्यानं मला ओळखलं. "सामान तो चला गया दादा, ट्रक में. अब दूसरे शहर में लगेगा." मग माझ्या मागं पाहून म्हणाला, "दाई नइ आइस?" मी मान हलवली. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. आम्ही दोघं त्या रिकाम्या जागेकडे पाहत होतो. फरशीवर काचेच्या पेटीचा चौकोन तेवढा उमटला होता. तिचा माणूस पुन्हा वाटेला लागला होता. ताप चार दिवस उशिरा आला असता तर तिनं स्वतः त्याच्यापुढे लाडू ठेवला असता, पहारेकऱ्याशी भांडून ठेवला असता. एवढंच तिला पाहिजे होतं...

रीतीप्रमाणे तो लाडू मी त्या पहारेकऱ्याला द्यायला हवा होता. पिशवीत हातही घातला. पण बोटाला लाडवावरचा खळगा लागला. तापात वळला होता तिनं, लाडू नीट गोल झाला नाही, अंगठा दाबला गेला होता. मी हात तसाच बाहेर काढला.

आता तो लाडू दगडासारखा झाला आहे. दिवेलागणीला मी वाटी घेऊन दारात उभा राहतो. समोरून कोणी ना कोणी जातंच. परवा एका भाजीवाल्यानं विचारलं, "क्या है दादा?" मी म्हणालो, "कुछ नहीं भैया." मग आत येतो, वाटी कोनाड्यात ठेवतो, अन् झाकतो.