शिट्टी बघणारे बाबा

मी ताऱ्यांच्या आवाजाचा अभ्यास करते, असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, ‘मग काय ऐकू येतं?’ काहीच नाही हो! सूर्यासारख्या ताऱ्याच्या पोटात आवाजाच्या लाटा सतत घुमत असतात, पण मधल्या पोकळीतून त्या आपल्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांच्या धक्क्यानं ताऱ्याचं अंग किंचित फुगतं, बसतं. उजेड तेवढाच कमीजास्त होतो. आम्ही तो उजेड बघत बसतो आणि त्याच्या तालावरून गाभ्यात काय चाललंय, ताऱ्याचं वय किती झालंय, ते ताडतो.

हे गावी, करडीला, बाबांना समजावणं म्हणजे घसा बसवून घेणं. त्यांचे कान वयानं गेलेत. कानातलं मशीन डबीत पडून असतं, ‘त्यात नुसता वाराच वाजते’ म्हणून. मी ओरडते तेव्हा अख्ख्या मोहल्ल्याला खगोलशास्त्र कळतं, बाबांना सोडून. समोर बसून सावकाश बोललं की मात्र ओठांवरून त्यांना सगळं समजतं. आई गेल्यापासून घरात ते एकटेच. स्वयंपाकही तेच करतात. कुकरच्या शिट्ट्या वाफ बघून मोजतात.

फोन तर बंदच. व्हिडिओवर चेहरा अडकतो, ओठ मागे राहतात, बाबा वैतागतात. म्हणून परदेशातली नोकरी मिळाली तेव्हा आनंदाआधी बाबांचाच विचार आला. मी गेले की आमचं बोलणंच संपणार होतं.

धानाची कापणी झाल्यावर हे सांगायलाच गावी आले. वरठी स्टेशनवर बाबा मोटारसायकल घेऊन उभे होते. हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून ते सारखे आरशात बघत गाडी चालवतात. मागे बसून मी रंगीत तालीम केली, ‘बाबा, मी खूप दूर चालली. तुमाले सोडून जावंसं नाही वाटत.’ पाठीमागे बोलायला काय जातं! घरी पोचल्यावर मात्र तोंड उघडेना. रोज उद्यावर ढकललं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी भात लावला होता. मी समोर बसले आणि ताऱ्यांवरून विषय काढला. कुकर दाखवून म्हटलं, ‘तुमी शिट्टी पाह्यता ना, तसंच आमचं.’

‘म्हंजे तुमी बी बहिरेच,’ बाबा म्हणाले. मी हसले, पण ओठ थरथरले. त्यांनी ते पाहिलं.

‘कधी जाऊन राहिली?’

‘तुमाले कोनं सांगितलं?’

‘तूनंच. वरठीहून येतानी. आरशात.’

‘मंग इतके दिवस बोलले काहून नाही?’

‘तू सांगशीन म्हनून वाट पाहून राहिलो होतो.’

मला भयंकर राग आला, त्यांचा आणि माझाही. मग नुसतं रडू आलं. बाबांनी उठून गॅस बंद केला.

‘जाजो,’ ते म्हणाले. ‘फोनवर बोलू नोको. कॅमेऱ्यापुढं थोडा वेळ चूपचाप बसत जाजो. मले समजते.’