मागं बघ गं

मैदानावर ताई माझ्यापुढे चालते आणि दर फेरीला विचारते, “मागं बघ गं, डाग नाही ना?” या महिन्याची पाळी संपली तरी तिची ही सवय जात नाही.

पाळीत तिला फार रक्त जातं, दुखण्यानं उठवत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “वजन कमी झालं तर त्रास कमी होऊ शकतो, पण होईलच असं नाही. आधी सोनोग्राफी करा.” तिच्या सासूबाईंनी सोयीचं तेवढंच ऐकलं. “कमी खा, मैदानावर फेऱ्या मार, सगळं थांबेल.” सोनोग्राफी राहूनच गेली.

लहानपणी उलट ती माझ्या मागून चालत मला शाळेला पोचवायची. म्हणूनच मी घरातली पहिली पदवीधर.

“बघ गं.”

पाळी नसताना डाग होता. मी माझी ओढणी तिच्या कमरेला बांधली.

“फेऱ्या पुरे, ताई. आधी सोनोग्राफी.”