डबा बंद, बंदूक बंद

आमच्या गावात सूर्य मावळला की नाही, हे बरीच वर्षं आकाशाकडे बघून ठरत नव्हतं. ते डबासाहेबांच्या डब्याकडे बघून ठरायचं. उसाच्या बांधावर जांभळाच्या झाडाखाली ते मांडी घालून बसायचे, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा पुढ्यात मांडायचे आणि इतक्या सावकाश जेवायचे की बघणाऱ्यालाच भूक लागावी. पश्चिमेचा डोंगर सूर्याला गिळायला आला की इकडे शेवटचा घास संपायचा. झाकण बसायचं, कडी खट्‌कन अडकायची. तो आवाज ऐकला की ज्याच्या हातात बंदूक असेल त्यानं काडतुसं बाहेर काढायची, असा शिरस्ताच पडून गेला होता.

डबासाहेब म्हणजे आमचे वनरक्षक. गाव पाटणच्या वरच्या अंगाला, अगदी डोंगराच्या पायाशी. वरच्या जंगलातली रानडुकरं खाली उतरायची आणि भुईमूग, मका, रताळी, जे काय हाती लागेल ते नांगरून ठेवायची. नुकसान झालेल्या शेतकऱ्यानं अर्ज केला, की जंगलखात्याकडून डुक्कर मारायचा परवाना मिळायचा. मुदत थोडी आणि अटी ढीगभर. त्यातली मोठी अट अशी, की बंदूक चालवायची ती सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतच. आता हे रानडुकरांना कुणी समजावून सांगायचं? ती बिचारी अंधार पडल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

त्यात डबासाहेब मिरजेच्या पलीकडचे, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातले, जैन शेतकरी घरातले. दिवस असेपर्यंतच जेवायचं, कांदा-लसूण वर्ज्य, चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालायचं. अशा माणसाला सरकारनं डुकरं मारण्याच्या कामावर देखरेखीला पाठवलेलं. ज्या दिवशी एखादं डुक्कर पडायचं, त्या दिवशी ते नियमाप्रमाणे पंचनामा करायचे, सही करायचे आणि डबा न उघडताच मोटरसायकलला अडकवून परत न्यायचे. कुणाला कधी शब्दानं दोष दिला नाही. सासूबाई मात्र हळहळायच्या, "ह्येंच्या नोकरीनं ह्येंलाच उपाशी ठेवलंय बघ."

आमच्याकडे परवाना होता तो माझ्या सासऱ्यांच्या नावावर. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावासाठी सुभेदार आणि घरासाठीही सुभेदारच. माझा नवरा सीमेवर, म्हणजे शेताचं सैन्य आम्ही तिघं: ते, सासूबाई आणि मी. बारा बोअरची बंदूक ही त्यांची लाडकी लेक. रोज पुसायची, तेल द्यायचं, सणाला हळदकुंकू लावायचं. त्या बंदुकीनं पडलेली डुकरं एका हाताच्या बोटांवर मोजून बोटं उरतील, पण ऐट अशी की तोफखाना सांभाळताहेत.

सुभेदार आणि डबासाहेब यांचं जमणं अवघड होतं आणि म्हणूनच जमलं. एकदा सुभेदारांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून बांधावर नेलं. "ह्यात बघा, सूर्यास्त कवा लिवलाय. आजून वेळ हाय. त्यो डोंगराआड गेला की तुमी मावळला म्हणताय, ह्यो काय न्याय?"

डबासाहेबांनी कॅलेंडर नीट वाचलं, घडी घालून परत दिलं. "कॅलेंडर छापणाऱ्याच्या दारात डोंगर नसंल, सुभेदारसाब. आपल्या दारात हाय. उजेड गेला म्हणजे गेला. परवाना डुकराचा हाय, अंधाराचा न्हाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी चिडलं, कुणी हात जोडले, कुणी वरच्या साहेबाची ओळख सांगितली, तरी आवाज न चढवता तेवढंच म्हणायचे. आणि नुसतं म्हणून थांबायचे नाहीत. दिवस कलला की ते बांधाच्या त्या टोकाला बसायचे, बंदूकवाला या टोकाला. मग डब्यातलं काहीतरी बोटांत धरून वर करायचे आणि विचारायचे, "सांगा बघू, काय हाय?" बरोबर सांगितलं तर बंदूक चालू. चुकलं तर खट्‌कन कडी. पोरखेळ वाटावा असा प्रकार, पण त्याच्याशी वाद घालायला जागाच नव्हती. ज्याला भाजीचा तुकडा ओळखता येत नाही, त्यानं उसात हललेलं काय ते कसं ओळखायचं?

एकदा पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं. मी चहाची किटली घेऊन बांधावर गेले होते. डबासाहेबांनी दोडक्याची फोड वर धरली. सुभेदार ताडकन म्हणाले, "वांगं!"

"वांगं आमच्या घरात शिजत न्हाई, सुभेदारसाब," डबासाहेब हळूच म्हणाले. मी हसले. सुभेदारही हसले, "बायकोनं गपचूप घातलं असंल," म्हणाले. डबासाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी ती फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावत राहिले आणि मग कडी लावली.

त्यानंतर एक गंमत सुरू झाली. म्हणजे तेव्हा ती गंमतच वाटायची. दुसऱ्यांच्या शेतावर डबा सूर्याबरोबर बंद व्हायचा आणि आमच्या बांधावर मात्र आधीच. ऊन अजून उसाच्या शेंड्यावर असायचं आणि कडी वाजायची. सुभेदारांचा पारा चढायचा. "मलाच का? मी काय चोर हाय?" डब्यात भाकरी अर्धीमुर्धी उरलेली असायची. सासूबाईंनी तर निष्कर्षच काढला, की साहेबांची बायको माहेरी गेली असणार आणि साहेब स्वतःच थापत असणार. म्हणून त्या एकदा गरम भाकरी घेऊन गेल्या. साहेबांनी ती डोक्याला लावली, पण डबा उघडला नाही.

आता तो श्रावणातला दिवस सांगते. सकाळपासून भुरभुर चालू होती. आदल्या रात्री डुकरांनी भुईमुगाची पार धूळधाण केली होती आणि सुभेदार दुपारपासून बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. "आज सोडत न्हाई," एवढंच बोलत होते. सासूबाई पलीकडच्या वाडीला बहिणीकडे गेल्या होत्या, मुक्कामालाच जाते म्हणून सांगून. डबासाहेब आले, जांभळाखाली बसले, डबा उघडला. मी चहा घेऊन पोचले तेव्हा पाऊस थांबून ढग फाकले होते आणि सूर्य डोंगराच्या वर चांगला हातभर होता.

तेवढ्यात उसाच्या कडेला खसखस झाली. गवत हललं. पानांच्या आड काहीतरी तपकिरी, वाकलेलं, बुटकं, जमिनीलगत पुढे सरकत होतं. थांबायचं, हुंगल्यासारखं करायचं, पुन्हा सरकायचं. सुभेदारांनी बंदूक खांद्याला लावली.

खट्‌कन कडी वाजली.

"साहेब, सूर्य हाय आजून!" सुभेदार नजर न हलवता दबक्या आवाजात म्हणाले. "डोळं हायती का न्हाईत तुमाला?"

"डबा बंद झालाय, सुभेदारसाब."

बंदूक खाली आली नाही. डबासाहेब उठले. ना ओरडले, ना धावले. चालत आले, हातातला डबा सुभेदारांच्या पुढे केला आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "ह्यो धरा जरा."

जन्मभर शिस्तीत वाढलेला माणूस. कुणी वस्तू पुढे करून धरा म्हटलं की हात आपोआप पुढे येतो. सुभेदारांनी डबा धरला, आणि डबा धरायचा म्हणजे बंदूक खाली घेणं आलंच.

तेवढ्यात उसातून ते तपकिरी सरळ उभं राहिलं. डोक्यावरून कमरेपर्यंत गोणपाटाची खोळ, एका हातात खुरपं, काखेत ओल्या गवताचा भारा. सासूबाई. बहिणीच्या घरी पाहुणे आले म्हणून मुक्काम सोडून परत आल्या होत्या आणि गोठ्यातनं खोळ-खुरपं उचलून म्हशीला गवत कापायला उसाच्या कडेनं बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली बंदूक बघितली, आमचे चेहरे बघितले, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"आवं, माणूस हाय मी! डुक्कर न्हवं!" त्या ओरडल्या आणि त्यांना हसूच फुटलं. मग सुभेदारांकडे बघून त्यांचं हसू विरलं. भारा तिथंच टाकून त्या पळत आल्या.

सुभेदार बांधावर खाली बसले होते. एका हातात बंदूक, एका हातात डबा. बंदूक त्यांनी बाजूला ठेवली, डबा मात्र सोडवेना. माझ्या किटलीतला चहा कधी सांडला ते कळलंच नाही.

मग सुभेदारांनी विचारलं, "तुमाला दिसलं व्हतं का साहेब? ही हाय म्हणून?"

"न्हाई ओ," डबासाहेब म्हणाले. "मला बी डुक्करच वाटलं. पण मला शंका होती आणि तुमाला शंकाच नव्हती." मग ते शेजारी टेकले. "कायद्याचा दिवस आजून होता, सुभेदारसाब. तुमच्या डोळ्याचा मावळला होता. दोडक्याला वांगं म्हणालात, तवापासून मी तुमच्या डोळ्यापरमानं डबा लावायलोय."

त्या अर्ध्या भाकऱ्यांचा उलगडा मला तेव्हा झाला. दिवस मावळल्यावर हा माणूस खाणार नाही आणि आमच्या बांधावर तो दिवस असतानाच डबा मिटत होता. म्हणजे आमच्यासाठी तो रोज अर्धपोटी घरी जात होता, आणि वर आम्ही त्याच्या बायकोच्या हाताला नावं ठेवत होतो.

त्यांनी ठरवलं असतं तर एका अर्जात सुभेदारांची बंदूक जमा झाली असती. गावभर बोभाटा झाला असता आणि सुभेदार ते सोसू शकले नसते. डबासाहेबांनी एवढंच सांगितलं, "आधी डोळं, मग बंदूक. मिरजेला चला माझ्यासंगं. घर हाय माझं तिथनं जवळ."

आणि खरंच रजा काढून ते सुभेदारांना घेऊन गेले. मोतीबिंदू चांगला पिकला होता, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशननंतर थोडे दिवस सुभेदार साहेबांच्याच घरी राहिले. तिथून त्यांचा रोज फोन. तक्रार डोळ्यांची नाही, पोटाची. "दिवसाउजेडी जेवायला वाढत्यात आन् रातभर माजं पोट वराडतंय. साहेबांची आई लय कडक हाय. फौजेत बी असला जुलूम न्हवता."

परत आले ते काळा चष्मा लावून. काही दिवसांनी चष्मा उतरला. सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. सुभेदार दारात उभे राहून त्यांच्याकडे बघतच राहिले. "तुजं केस कवा पिकलं गं?"

"तुमी बघितलं कवा?" सासूबाई म्हणाल्या आणि उगीचच चूल फुंकायला लागल्या. दोघांचेही डोळे भरलेले मी बघितले. धुराचं निमित्त दोघांनाही पुरलं.

डोळे स्वच्छ झाल्यावर सुभेदारांनी पहिलं काम काय केलं असेल, तर मुदत बाकी असलेला परवाना परत केला. आम्ही सगळे चाटच पडलो. डबासाहेबांना मात्र हुरूप आला. योजनेतून सौरकुंपण मिळतं म्हणून त्यांनी कुणाकुणाचे उंबरे झिजवले, गावाला एकत्र बसवलं, ज्यांच्या बांधाची भांडणं होती त्यांना समोरासमोर आणलं. सुभेदार त्यांच्या मागे काठी घेऊन सुभेदारासारखेच फिरले. कुंपण झालं. डुकरं सगळी संत झाली असं नाही, एखादं वाट काढतंच. पण पुढच्या हंगामात भुईमुगाच्या शेंगा पोत्यांनी घरात आल्या. सासूबाईंनी पहिली ओंजळ साहेबांसाठी बाजूला काढली.

मग त्यांची बदली झाली, म्हसवडकडे. जायच्या आदल्या दिवशी ते शेवटचे बांधावर आले आणि बघतात तर जांभळाखाली बसायला जागा नाही. प्रत्येक घरातून माणूस आला होता, आणि प्रत्येकाच्या हातात डबा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकाही डब्यात कांदा-लसूण नव्हता. सूर्य डोंगरावर होता तोवर सगळं गाव जेवलं. साहेबांनी त्या दिवशी पोटभर खाल्लं, आमच्या बांधावर कितीतरी दिवसांनी. कडी लावताना मात्र त्यांना ती पटकन लागेना. सुभेदारांनी डबा हातातून घेतला आणि लावून दिली.

अधूनमधून फोन येतो. "हिकडं डोंगरच न्हाई जवळ," ते सांगतात. "सूर्य लय वेळ मावळतच न्हाई बघा. डबा निवांत उघडा ठेवतोय." आवाजावरून तब्येत सुधारलेली कळते. तिकडच्या माळावर त्यांनी कुणाकुणाला भाजी ओळखायला लावली असेल, देव जाणे.

बंदूक आता भिंतीवर आहे, तेलपाणी होऊन. सुभेदार रोज कलत्या उन्हाला बांधावर जातात ते घरातला एक स्टीलचा डबा घेऊन. आत काही नसतं. डोंगराआड सूर्य टेकला की ते उसाकडे तोंड करून कडी जोरात वाजवतात, आणि कुठूनतरी आतून, गवत कापता कापता, सासूबाईंचा आवाज येतो, "हाय, हाय! माणूसच हाय!"