कोणतं झाड?

‘एक झाड’ या दोन शब्दांनी बाईंच्या डोक्यात तिडीक उठायची. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी त्या आम्हा मराठी मंडळींना जमवायच्या आणि प्रत्येकाकडून त्यानं लिहिलेली गोष्ट वाचून घ्यायच्या. गोष्टीत नुसतं ‘एक झाड’ आलं की लाल पेन्सिलीचा गोल ठरलेला, आणि शेजारी ‘कोणतं?’

“पात्राला नाव देतोस, त्याच्या कुत्र्याला नाव देतोस. ज्याच्या सावलीत दोघं बसलीत, त्यानं तुझं काय घोडं मारलंय?” हे मी स्वतः ऐकून घेतलंय. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, मी मिनिस्ट्रीत फायली रंगवणारा. आधी राग यायचा. मग कळलं, ही बाई आपल्याला आधी बघायला शिकवतेय, लिहिणं पुढचं.

नाव शोधायला त्या गेटबाहेर पिटाळायच्या. सेक्टर नवे, पण जमीन जुन्या गावांची. तिथला एखादा म्हातारा हुक्का बाजूला ठेवून नाव सांगायचा. आमच्या गेटपाशीच्या झाडाचं नाव मला असंच मिळालं: पिलखन. वड-पिंपळाच्या गोतातलं, म्हाताऱ्याच्या आजोबांनी गावतळ्याच्या काठी लावलेलं. ते तळं बुजवूनच आमचे फ्लॅट उभे राहिले होते. मी पिलखनावर गोष्ट लिहिली. फाल्गुनातली तांबूस पालवी, फळांवर तुटून पडणारे हिरवे पारवे, सगळं. बाईंनी ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, “आता तू दिल्लीत राहायला आलास.” अहो, अठरा वर्षं मी दिल्लीत होतो!

मग घरोघरी गाड्या आल्या. मीही घेतली. जागा पुरेना, तशी सगळ्यांची नजर पिलखनावर गेली. पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये तोडायचं ठरलं. “पेड़ ही तो है, यार!” सेक्रेटरी म्हणाला. त्या मेल्याला काय बोलायचं? अर्ज तर मीच लिहिला, सरकारी भाषा येते म्हणून, आणि वर हौसेनं: ‘एक पुराना पेड़, जो आवागमन में बाधक है.’

अर्ज सह्यांसाठी घरोघर फिरला. बाईंकडून परत आला तेव्हा त्यांची सही नव्हती. ‘एक पुराना पेड़’भोवती लाल गोल होता, आणि शेजारी मराठीत, ‘कोणतं?’

लाज वाटायला हवी होती. मला राग आला. सेक्रेटरीसमोर हसून म्हणालो, “टीचर हैं, आदत है,” आणि नवी कोरी प्रत टाइप करून सह्या पुन्हा गोळा केल्या. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. परवानगी आली आणि दुसऱ्याच दिवशी करवत आली. इतर कामांत महिनोन्महिने हलत नाहीत लेकाचे!

बाईंनी रविवार बंद केला. वर्षभरात त्या नागपूरला लेकीकडे कायमच्या निघाल्या. सामान खाली न्यायला मी गेलो आणि निर्लज्जासारखा म्हणालो, “बाई, मी एकटा काय करणार होतो? सगळ्यांनाच पार्किंग हवं होतं.”

“सगळ्यांना ते नुसतं झाड होतं,” बाई म्हणाल्या. “तुला नाव ठाऊक होतं.”

बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझी गाडी तिथेच उभी असते, पिलखनाच्या जागी. जूनमधल्या दुपारी दार उघडायला गेलं की हाताला चटका बसतो. बसू दे.