पेट्यांच्या गाडीचा टप

बाबा गेल्यावर आम्ही त्यांची पिकअप विकली. घेणाऱ्याला भाजीचे कॅरेट वाहायचे होते, त्यामुळे हौद्यावरचा पत्र्याचा टप त्याला नको होता. तो नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या घराच्या अंगणात अजून पडून आहे. आई म्हणते, भंगारात दे. मी हो म्हणते आणि देत नाही. त्या टपाने माझ्या डोक्यावर जेवढं पाणी गाळलं तेवढं नागपूरच्या पावसानेही गाळलं नसेल, तरी माझा त्याच्यावर जीव आहे. आईला हे कळत नाही असं नाही. ती आपली महिन्यातून एकदा भंगाराचा विषय काढते आणि मी काय बोलते ते ऐकून कामाला लागते.

बाबा पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम, पण भजनी मंडळात तिला हार्मोनियम कोण म्हणतो! काटोलच्या बाजूच्या गावागावांत मंडळं होती. भाता फाटला, पट्टी अडकली, सूर उतरला की बाबांना निरोप यायचा. पेटीच्या पोटात प्रत्येक सुराची एक पितळी जिभली असते. बाबा ती बारीक कानशीने किंचित घासायचे, वाजवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि पुन्हा घासायचे. तेव्हा घरात कोणी भांडं जरी आपटलं तरी त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा तापट स्वभाव त्यांनी मला पुरेपूर दिला. सूर लावायलाही त्यांनीच शिकवलं, पण गिऱ्हाइकाच्या पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. मी आपली घरातल्या मोडक्या पेटीवर कानस चालवायची.

आधी ते एसटीने पेट्या आणायचे, मांडीवर घेऊन, लेकरासारख्या. मग जुनी पिकअप घेतली आणि लकडगंजकडच्या एका बॉडीवाल्याकडून हौद्यावर टप बसवून घेतला. लोखंडी चौकट, वर पत्रा, मागे वर उचलायची झडप. गाडी घरी आली तेव्हा बाबा स्वतः हौद्यात मांडी घालून बसले आणि आईला म्हणाले, "पाह्य, दुकान झालं आपलं."

श्रावणात दुकान गळलं. एका गावाची पेटी परत न्यायची होती. झडप उघडली तर तिच्या भात्याच्या घड्या भिजलेल्या पापडासारख्या बाबांच्या हातात आल्या. पाणी हे पेटीचं मरण. लाकूड फुगतं, जिभल्या गंजतात, सूर बसतो. बाबांनी बॉडीवाल्याला अशा शिव्या दिल्या की शेजारीण ओट्यावर येऊन उभी राहिली. बॉडीवाला मात्र शांत माणूस होता. तो म्हणाला, "पाणी कुठून येते ते दाखवा, मी बंद करून देतो."

आणि तेच तर कोणाला दाखवता येईना. आधी आम्ही दोघं भर दुपारी आत शिरलो, झडप लावून घेतली आणि उजेडाची भोकं शोधली. दोन रिबिटांपाशी सापडली. तिथे सिलिकॉन भरलं. पुढच्या सरीला पाणी भलतीकडूनच आलं, जिथे उजेडाचा ठिपकाही नव्हता. बाबांनी वरून ताडपत्री बांधली, तर ती वाऱ्याने फाडफाड वाजायला लागली आणि पाणी तिच्याखालून आलं. मग बाबांनी आपली पद्धत काढली. आतल्या सांध्यांवर खडूची भुकटी मारायची, एकाने आत बॅटरी घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं, खालून सुरू करून हळूहळू वर. पाणी जिथून आत येईल तिथून भुकटीत ओली रेघ उमटते.

आत बसणारी अर्थात मी.

नळाचं पाणी गाडीवर ओतायला आईची सक्त मनाई. म्हणून बाबांनी कूलरचा उपयोग केला. उन्हाळा सरला की आमच्याकडे कूलर बंद करायचा एक दिवस असतो. वाळ्याच्या ताट्या काढायच्या, टाकी रिकामी करायची. बाबांनी कूलरची छोटी मोटर तशीच टाकीत ठेवली, तिला लांब हिरवी नळी जोडली आणि ते सगळं धूड अंगणात आणलं. नळीतून पाण्याची शांत धार यायची. टपावर तिचा फारसा आवाजही व्हायचा नाही.

मग दरवर्षी कूलर बंद करायचा दिवस तोच टप तपासायचा दिवस झाला. आई त्या दिवशी पाटोडीचा रस्सा करायची. मला तो दिवस सणासारखा वाटायचा, आता तर जास्तच वाटतो. आत अंधार, सरस आणि जुन्या लाकडाचा वास, डोक्यावरून सरकणारं पाणी, आणि पत्र्यापलीकडून बाबांचा आवाज. "बेडूक झाली का वं आत?" मी म्हणायची, "तुम्हीच या, मी टाकते पाणी." रेघ दिसली की मी ओरडायची, "थांबाऽ!" धार थांबायची. मी खिळ्याने आतून टकटक करायची आणि बाबा बाहेरून तिथे खूण करायचे. कधी रिबीट, कधी झडपेचं रबर, कधी दिव्याच्या वायरचं भोक. एकेक गळती बुजत गेली. बी.एड.ला असतानाही मी हा दिवस चुकवला नाही, मैत्रिणींना काहीतरी थाप मारायची.

एका वर्षी मी अशीच आत बसले. आदल्या आठवड्यात रस्त्यात एक मोठी सर लागली होती आणि हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं. चार-पाच पेट्या बैठकीत तयार होत्या. त्यातली एक काटोलकडच्या ज्या गावात जायची होती तिथे चार दिवसांनी सप्ता बसणार होता, म्हणजे आठवडाभर रोज भजन. गळती तेव्हाच्या तेव्हा सापडायला हवी होती.

पुढच्या बाजूला, केबिनच्या वर, भुकटीत एक रेघ हलली. मी ओरडले, "थांबा!"

धार थांबली नाही. मी पुन्हा ओरडले. पाणी चौकटीच्या आतून धावत आलं आणि माझ्या मानेवर पडलं. मी खिळ्याने पत्रा टकटक वाजवला, "बाबा, सापडलं! थांबा ना!" बाहेर बाबा काहीतरी गुणगुणत होते आणि पाणी येतच होतं. भुकटीची राबडी झाली, ती केसांत, कानांत, मांडीवर. शेवटी मी लाथ मारून झडप उघडली आणि पांढरीफटक बाहेर आले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुशीत विचारलं, "सापडलं का वं?"

"बहिरे झाले का तुम्ही?" मी खेकसले.

रागात कोणीही म्हणतं तसंच मी म्हटलं होतं. पण बाबांचा चेहरा एकदम उतरला. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. मग म्हणाले, "पाण्याचा आवाज होता ना." त्या धारेला आवाज नव्हता. दारात आई उभी होती. तिने मला नुसती मान हलवून गप्प केलं.

स्वयंपाकघरात मी तिला विचारलं तर ती रश्श्यात डाव फिरवत म्हणाली, "दोन वर्सं झाले. कुकरची शिटी ऐकू येत नाही त्याईले. बारीक आवाज काहीच येत नाही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? कान गेला तं पेटी गेली. पेटी गेली तं तुहा बाप काय करन?"

मला कसं कळलं नाही, याचं उत्तर मी अजून देते स्वतःला. उन्हाळाभर नागपुरात कूलरच्या घरघरीत सगळेच एकमेकांना "काय?" म्हणत असतात. घरोघरी लोक ओरडूनच बोलतात. त्या गलक्यात एका माणसाचं "काय?" कोण वेगळं काढणार? आणि बाबा समोर बसलेल्या माणसाचं बोलणं तोंडाकडे पाहून बरोबर पकडायचे. जाड आवाज तर ऐकूही यायचे. मागच्या वर्षी टपातली माझी आरोळी उशिरा पोचली, तेव्हा मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही.

मी बैठकीत गेले आणि त्या गावाची पेटी उघडली. खालचे सूर सुरेख होते. मधले ठीक. वरच्या पट्ट्यांवर गेले आणि माझे दात शिरशिरले. सगळे वरचे सूर चढलेले. बाकीच्या पेट्याही तशाच. बाबांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला हे ऐकणं किती कठीण गेलं ते मी सांगू शकत नाही. माझे बाबा, जे ताटलीच्या खणखणाटावरून ती कोणत्या सुरात आहे ते सांगायचे!

पुढचे दोन दिवस बाबा अंगणात टपाच्या मागे लागले होते आणि मी घरात त्यांच्या पेट्यांच्या. गिऱ्हाइकाच्या पेटीला हात लावायची मला बंदी होती, म्हणून ते अंगणात गेले की मी पेटी उघडायची. भिंतीपलीकडे बाबा, इकडे मी एकेक वरचा सूर वाजवत, घासत, पुन्हा वाजवत. इतक्या जवळ असून त्यांना पत्ता नव्हता. मला रडू येत होतं. पण हातात कानस असताना रडता येत नाही, जिभली वाया जाते.

गळती मात्र बाबांनी पकडली. डोळे आणि हात शाबूत होते. अंगणातल्या पावसात कोरडा राहणारा टप रस्त्यावर का गळतो, याचा त्यांनी माझ्या त्या ओल्या रेघेवरून छडा लावला. गाडी पळते तेव्हा वारा पाण्याला समोरून वर ढकलतो, आणि टपाच्या पुढच्या ओठाखालचं रबर दबून चपटं झालं होतं. तिथून शिरलेलं पाणी चौकटीच्या पोकळीतून धावत मागच्या कोपऱ्यात पडायचं. आम्ही वर्षानुवर्षं मागचा कोपराच बुजवत बसलो होतो. बाबांनी जाड रबर आणलं, बोल्ट ढिले केले, टप उचलून ते खाली बसवलं आणि पुन्हा आवळलं. कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "आता टाका म्हणा पाणी."

सप्त्याच्या आदल्या दिवशी मी हट्टाने त्यांच्यासोबत गेले. रस्ताभर पाऊस होता. काटोलच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवली, झडप उचलली आणि हौद्याच्या कोपऱ्यातून तळहात फिरवला. हात कोरडा होता. त्यांनी तो मला दाखवला. इतकं खूश मी त्यांना फार दिवसांनी पाहिलं होतं.

देवळात मंडळ जमलेलं होतं. मंडळाचे पेटी वाजवणारे म्हातारबुवा बाबांच्या ओळखीचे, संत्र्याच्या बागेतून थेट आलेले, पायांना चिखल. त्यांनी पेटी पुढे ओढली, खालून वर बोटं फिरवली, थांबले, पुन्हा वरच्या पट्ट्यांवरून फिरवली. मग मोठ्याने म्हणाले, "वा गा मिस्त्री! या वर्सी पेटी पहिल्यासारखी लागली."

तबलेवाला उगाच खोकला. बाबा अगदी समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "पहिल्यासारखी म्हंजे?"

"म्हंजे... चांगली."

"मांगच्या वर्सी कशी होती?"

म्हातारबुवांच्या मागे बसलेल्या एका गाणाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "मांगचे दोन सप्ते आम्ही उंच चालीचे भजनं घेतलेच नाही, मिस्त्री. वरतं गेलं की पेटी वेगळीच बोलाची." म्हातारबुवांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून कंदिलाची काच पुसायला लागला.

बाबा म्हणाले, "मंग मले सांगाचं होतं ना गा."

म्हातारबुवांनी पेटीचा भाता लावून घेतला आणि ते मान वर करून बोलले. "सांगतलं असतं तं तुम्ही पुन्हा आले असते का?"

बाबा म्हणाले, "नसतो आलो."

मला वाटलं आता ते उठतील. पण ते माझ्याकडे वळले. "वरचे सूर तूच लावले ना वं?" मी मान हलवली. मी ओरडा खायची तयारी केली होती. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर धोतराच्या सोग्याने पुसलं. त्या रात्री मंडळाने एकामागून एक उंच चालीची भजनं घेतली. बाबा शेवटपर्यंत बसले, एकेकाच्या तोंडाकडे पाहत.

परत येताना ते एवढंच म्हणाले, "बाकीच्या गावच्या पेट्याही आणा लागन."

मग तो सगळा पावसाळा आम्ही दोघं हिंडलो. मी गाडीत शेजारी, तुफान पाऊस, आणि मागे हौद्यात एक थेंब नाही. प्रत्येक गावात बाबा चहा यायच्या आधीच सांगून टाकायचे, "माहा कान गेला गा. तुमची पेटी बिघडवली मी. द्या, पोरगी नीट करून देते." हे बोलताना त्यांचा आवाज पहिल्या गावी कापला, नंतर सवय झाली. पण एकाही गावाने कबूल केलं नाही. सगळीकडे एकच उत्तर, "काही बिघडलं नाही मिस्त्री, आमची पेटी झकास आहे." बाबा चिडायचे, खोटारडे म्हणायचे. ते लोक हसून त्यांच्या कपात आणखी चहा ओतायचे. आणि बाबांचा चहा संपेपर्यंत कोणीतरी ती झकास पेटी चादरीत गुंडाळून, मुकाट्याने आमच्या हौद्यात आणून ठेवलेली असायची.