‘लावलं’ आणि ‘लावायलतो’

विनायकराव मास्तरांची आणि माझी पहिली भेट परभणीच्या मदरशात, म्हणजे तिथल्या निजामी सरकारी शाळेत, त्यांच्या वर्गाच्या दारात झाली. मी जिंतूरहून नवा शिक्षक म्हणून आलो होतो. आत मुले गप्प, आणि मास्तर खिडकीबाहेर पाहत उभे. यांना उभ्याउभ्या डुलकी लागली की काय, असे मला वाटले. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "माझी आई दळायलती." मग एका मुलाला त्यांनी विचारले, "दळण झालं का?"

"न्हाई जी. दळायलतीच की."

"शाबास. आता हेच इंग्रजीत सांग."

त्यांच्या मातोश्रींना जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, हे मला मागाहून कळले.

पुस्तक उर्दूत, शिकवायची इंग्रजी, आणि मुले झरीसारख्या गावांतली. आम्ही बाकीचे घोकंपट्टीवर भागवत असू. मास्तर मात्र सांगत, "जेवलो म्हणजे हात धुतले. जेवायलतो म्हणजे घास हातातच होता." पुण्याकडच्या एका पाहुण्यांनी सुचवले, ‘जेवत होतो’ असे शुद्ध म्हणवून घ्या. मास्तर नम्रपणे म्हणाले, "घेऊ की. पण पोरं घरी तसं जेवत न्हाईत." आणि पुन्हा आपल्या तंद्रीत गेले.

माझे थोरले बंधू बापूदादा चुडाव्याजवळच्या रेल्वे फाटकावर नोकरीला आहेत. एकदा ते फाटक लावत असताना एक बैलगाडी मध्ये घुसली आणि आगगाडीने तिची मागची बाजू उडवली. माणूस आणि बैल वाचले, पण दादांची नोकरी टांगणीला लागली. चौकशीला इंग्रज साहेब फाटकावरच आले. दादांनी बयान दिले, "आगगाडी आली तवा मी फाटक लावायलतो." दुभाषी शहरातला. त्याने साहेबांना इंग्रजीत सांगितले, ‘आगगाडी आली तेव्हा याने फाटक लावले.’ म्हणजे तोवर हा माणूस झोपला होता! साहेबांनी मान हलवली. ही नोकरी गेली तर दादांची लेकरे उघड्यावर पडणार होती.

मास्तर रजा टाकून माझ्याबरोबर आले होते. बाकावर आपल्याच नादात बसलेले ते उठले आणि अदबीने इंग्रजीत म्हणाले, "साहेब, ‘लावले’ असे हा म्हणतच नाही. आगगाडी आली तेव्हा त्याचे काम चालू होते." साहेबांनी दादांना करून दाखवायला सांगितले. दादांनी फाटकाचे एक दार लावले, दुसरे अर्ध्यावर आणून तसेच धरले. "हितून घुसली जी बैलगाडी." साहेबांनी ते अर्धे दार निरखले आणि बयान दुरुस्त करून घेतले. नोकरी वाचली.

परतताना मास्तर डब्याच्या खिडकीतून ज्वारीची राने बघत होते. मला मात्र रडू आवरेना.

यंदा मास्तरांना साठ वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो तेव्हा दादा शेजारी होते. मी पहिली ओळ वाचून दाखवली, ‘मास्तरांनी आम्हां सगळ्यांना शिकवले.’ दादा माझ्यावर खेकसलेच. "शिकवलं काय लिहायलास रे? सरलं का मास्तरांचं? शिकवायलेत, असं लिही."

मी ती ओळ खोडली. मास्तरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि ती ‘शिकवले’ची ओळ पुन्हा लिहायची पाळी माझ्या लेखणीवर कधी न येवो.